निरवानिरवीची दहा मिनिटे

योगक्षेम हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याचे दोन भाग क्वचितच वेगळे करून पाहतो. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या या शब्दाची फोड शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात केली आहे. जे मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण म्हणजे क्षेम. अनन्य भक्तासाठी ही दोन्ही ओझी भगवंत स्वतः उचलतात, असे तिथले आश्वासन आहे. या आश्वासनातूनच एक जुना प्रश्न उभा राहतो. क्षेम देवाने पत्करले असेल, तर माणसाने रक्षणाची तजवीज करणे हा श्रद्धेतला उणेपणा ठरतो का? आणि जे नाशवंतच आहे ते जपण्याची धडपड म्हणजे आसक्ती नाही का? मोठ्या संकटांची उदाहरणे घेतली की हा प्रश्न भयाच्या किंवा भावनेच्या भरात वाहून जातो. म्हणून तो मी घरातल्या एका साध्या वस्तूपाशी आणतो. ती वस्तू म्हणजे संगणकाच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला यूपीएस.

घरगुती यूपीएस बहुधा ६०० व्हीएचा असतो. त्याच्या पोटात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बंद बॅटरी असते. म्हणजे तिच्यात ८४ वॅट-तास ऊर्जा मावते. लाइट गेले की आतला रिले ‘टक्’ असा वाजतो आणि साधारण १० मिलिसेकंदांच्या आत संगणक बॅटरीवर येतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे ही फट अर्ध्या आवर्तनाएवढी. तेवढ्या वेळात संगणकाच्या एसएमपीएसमधले कपॅसिटर आपल्याजवळच्या शिलकीवर काम भागवतात. पडदा लुकलुकतही नाही. फक्त ठरावीक अंतराने बीप ऐकू येऊ लागतो. मॉनिटरसकट १५० वॅट ओढणाऱ्या संगणकाला ही बॅटरी कागदावर अर्धा तास पुरायला हवी. पण लहान बॅटरीतून एकदम जास्त वीज ओढली की ती सगळी शिल्लक देत नाही, आणि दिलेल्यातली काही उष्णता होऊन वाया जाते. प्रत्यक्षात हाती लागतात ती दहा-पंधरा मिनिटे.

दुकानात यूपीएस घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘बॅकअप किती देतो?’ उत्तर ऐकून त्याचा चेहरा उतरतो, कारण त्याला काम चालू ठेवायचे असते. पण ही मिनिटे काम चालू ठेवण्यासाठी नाहीतच. चालू लिखाण ज्या रॅममध्ये असते, तिथला एकेक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वस्तू टिकलेली दिसते ती क्षणोक्षणी नव्याने उपजते म्हणून, असे बौद्ध क्षणिकवाद सांगतो. संगणकाची स्मृती अक्षरशः तशी जगते. वीज अचानक तुटली की ती पुसली जाते. त्याच वेळी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर ते अर्धवट राहते, आणि अर्धवट लिहिलेली फाइल न लिहिलेल्या फाइलपेक्षा वाईट, कारण ती शाबूत असल्याचा भास होतो. यूपीएस या अंताला थोपवून धरत नाही. आवराआवर करायला, सेव्ह करून शटडाऊन करायला तो अवधी देतो. आपल्या भाषेत या कृतीला नेमका शब्द आहे: निरवानिरव. माझे म्हणणे एवढेच आहे की निरवानिरवीपुरता वेळ मागणारे क्षेम हे श्रद्धेच्या आड येत नाही आणि वैराग्याच्याही आड येत नाही. उलट दोन्हींना ते आवश्यक आहे.

आपल्या घरातल्या उपासनेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा तेवत ठेवतात. त्याला तेल घालणे, वारा लागू नये म्हणून आडोसा करणे ही घरातल्यांची जबाबदारी असते. वातीवर काजळी धरली की ती झाडण्यापूर्वी शेजारी एक निरांजन त्याच ज्योतीवर लावून घेतात. काजळी काढताना मोठी वात विझली तरी ज्योत निरांजनात असते. तिथून ती परत समईत येते. हे करणाऱ्या बाईच्या श्रद्धेत काही कमी आहे, असे कोणी म्हणत नाही. दिवा देवीचा आहे हे मान्य करूनच ती वात सांभाळते. त्या निरांजनाचे तेल फार वेळ पुरणारे नसते आणि पुरावे अशी अपेक्षाही नसते. ज्योत हातातून निसटू नये एवढ्या अवधीचीच ती सोय आहे, आणि यूपीएसमधली बॅटरी याहून वेगळे काही करत नाही.

पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, ते तेरा दिवस नदीकाठी बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. तिथे कोणती तजवीज होती? या कथेचे सामर्थ्य मी कमी लेखत नाही. पण तिच्याच शेजारी दुसरी गोष्ट आहे, तीही वारकरी संप्रदायाचीच. संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग आपल्या हाताने उतरवून ठेवले. त्या वह्या टिकल्या आणि पुढे वि. ल. भावे यांनी त्यांच्या आधारे गाथा छापली. ज्ञानेश्वरीचेही तसेच. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ग्रंथात पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. संताजी आणि नाथ यांना देवावर भरवसा नव्हता, असे कोण म्हणेल? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधन, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. दैवाला नाकारलेले नाही, पण आधीची चार मोकळी सोडून पाचव्यावर हवाला ठेवण्याची मुभाही दिलेली नाही. देव क्षेम वाहतो तेव्हा तो बहुधा कोणाच्या तरी हातांनीच वाहतो.

दुसरा आक्षेप वैराग्याचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. सारे अनित्य आहे तर चार पाने गेली म्हणून काय बिघडले? गेली तर जाऊ द्यावीत, त्यातच मुक्ती आहे. माझे स्वतःचे, केवळ माझ्या कौतुकासाठी लिहिलेले असेल, तर हा उपदेश मानण्यासारखा आहे. पण घरच्या संगणकावर जे असते ते बहुतेक वेळा एकट्याचे नसते. त्यात सोसायटीचा हिशेब असतो, मुलीचा प्रकल्प-अहवाल असतो, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून टिपून घेतलेल्या ओव्या असतात. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू हातून निष्काळजीपणे गेली, तर ‘सगळे नाशवंतच’ हे वाक्य वैराग्य राहत नाही, ती पळवाट होते. अनित्यता ज्याला खरोखर पटली आहे तो वेळीच सेव्ह करतो. न पटलेला माणूसच वीज कायम राहील असे धरून तासन् तास लिहीत बसतो. आसक्ती ओळखण्याची खूणही बीप वाजल्यावरच दिसते. एक जण काम जपून संगणक बंद करतो. दुसरा ‘अजून पाच मिनिटे’ म्हणत बॅटरी संपेपर्यंत बसून राहतो आणि शेवटी जपलेलेही गमावतो. साधन दोघांचे एकच, पण क्षेम पहिल्याच्याच वाट्याला येते.

कोणी म्हणेल की आता लॅपटॉप आहेत, क्लाउडवर आपोआप साठवणूक होते, हा प्रश्नच जुना झाला. तसे नाही. लॅपटॉपमध्ये बॅटरी आतच बसवलेली आहे. क्लाउड म्हणजे दुसरीकडचे डेटा सेंटर, आणि डिझेल जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ तिथेही बहुधा बॅटऱ्याच सांभाळतात. तजवीज नजरेआड गेली, संपली नाही. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या ग्रिड एकाच दिवशी कोसळल्या. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. वीजजाळे केवढेही मोठे असो, ते तुटू शकते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ऐपत असलेल्यांनी आपापल्या घरी इन्व्हर्टर आणि यूपीएस लावले, की सर्वांना चांगली वीज मिळावी म्हणून भांडायला कोण उरणार? शिवाय बॅटरीतले शिसे विषारी आहे. भंगारवाला ती उघड्यावर फोडतो, वितळवतो, आणि ते विष तिथल्या माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या रक्तात जाते. हा आक्षेप मी खोडून काढत नाही, मान्य करतो. माझ्या फाइलचे क्षेम दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर उभे असेल तर ते क्षेम नव्हे. पण यातून साधन टाकून द्यावे असे निघत नाही. साधनाबरोबर येणारे कर्तव्य निघते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती पार पडते ती आपण जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत दिली तरच. आणि दहा मिनिटांची सोय दहा मिनिटांचीच ठेवली, तर सार्वजनिक विजेची गरज आपल्याला विसरता येत नाही.

रक्षण करणारी ही बॅटरीही शेवटी नाशवंतच आहे. दोन-चार वर्षांत तिची ताकद ओसरते, कधी ती फुगते, आणि हे बाहेरून दिसत नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे: महिन्यातून एकदा, सगळे काम सेव्ह करून, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच स्वतः बंद करा आणि तो किती मिनिटे धरतो ते घड्याळावर पाहा. बॅटरी थकली असेल तर बदला, जुनी विक्रेत्याच्या हाती द्या. आणि खरोखर लाइट जाऊन बीप वाजू लागेल तेव्हा हातातले वाक्य पुरे करा, सेव्ह करा आणि संगणक बंद करा.