कापडाची घडी

अभिनयाच्या वर्गात दुसऱ्याच महिन्यात आम्हाला एक काम मिळालं. सर म्हणाले, "गावात कुठंही जा. एक माणूस निवडा. तासभर त्याला नीट बघा आणि उद्या इथं करून दाखवा. त्याच्याशी बोलायचं नाही. आपल्याला कोणी बघतंय हे त्याला कळता कामा नये."

नाशिकमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते साडेनऊ आमचा वर्ग भरायचा. बावीस जण होतो. कोणी अंबडच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून यायचं, कोणी कॉलेजातून. मी दिवसा मोबाइलच्या दुकानात काम करायचो. त्या कामासाठी कोणी सीबीएसवर जाऊन बसलं, कोणी मेन रोडला. मी गंगेवर गेलो. नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात. माझी खोली पंचवटीत होती आणि रामकुंड तिथून पायी दहा मिनिटांवर. पण खरं कारण वेगळं होतं. रामकुंडावर रोज कुणी ना कुणी अस्थी घेऊन येतं. तिथं दुःख हमखास बघायला मिळणार, हे मला माहीत होतं. बाजारात कोणत्या दिवशी कोणती भाजी येते हे माहीत असावं, तसं.

मला एक चाळिशीचा माणूस सापडला. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर फक्त धोतर. बरोबर दोन नातेवाईक आणि एक गुरुजी. विधी झाला, अस्थी पाण्यात सोडल्या, मडकंही गेलं. मडक्याला बांधलेलं कापड मात्र त्याच्या हातात राहिलं. ते त्यानं पिळलं, झटकलं, गुडघ्यावर पसरलं आणि त्याची घडी घातली. चार पदरी, टोकाला टोक जुळवून. आई-बायकोनं शाळेच्या रुमालाची घालावी तशी. घडी हातात धरून तो थोडा वेळ उभा राहिला. ठेवायची कुठं हे त्याला कळत नव्हतं, कारण धोतराला खिसा नसतो. मग दक्षिणेवरून गुरुजींशी त्याची घासाघीस झाली. आवाज चढला. शेवटी पाचशेवर मिटलं. त्यानं पैसे दोनदा मोजून दिले आणि वर म्हणाला, "पावती मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते करून दाखवलं. कापड पिळणं, घडी, हातात घेऊन उभं राहणं. हॉल शांत झाला होता. सरांनी क्वचितच कोणाचं कौतुक केलं असेल; त्या दिवशी ते म्हणाले, "याला म्हणतात बघणं." टाळ्या झाल्या. फक्त एक मुलगी मध्येच उठून बाहेर गेली. तिचे वडील दोन महिन्यांपूर्वीच वारले होते. ते मला माहीत होतं. करताना आठवलं नव्हतं, इतकंच.

त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, की मी काहीतरी उचलून आणलंय. पुढं वर्षभर हा प्रश्न मला सोडून गेला नाही, आणि वर्ग संपून इतकी वर्षं झाली तरी तो पूर्ण सुटलेला नाही. दुसऱ्याचं दुःख बघून शिकणं ही चोरी आहे का?

सोपं उत्तर असं, की नाही. त्या माणसाचं काय कमी झालं? घाट सगळ्यांचा आहे. मी फोटो काढला नाही, नाव विचारलं नाही. आणि न बघता नट शिकणार तरी कसा? स्तानिस्लाव्हस्कीच्या पुस्तकात त्याचा विद्यार्थी रस्त्यात ट्रामखाली सापडलेला एक म्हातारा बघतो. काही दिवसांनी त्याच्या लक्षात येतं, की ती आठवण मनातल्या मनात बदलत चालली आहे. भयंकर तपशील मागं पडतायत आणि दुसरंच काही वर येतंय. गुरू त्याला समजावतो, की काळ आठवणी गाळून देतो आणि नटाला उपयोगी पडते ती अशी गाळलेली आठवण. मी ते वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. पण लगेच असंही वाटलं, की हा सगळा हिशेब नटाच्या बाजूचा झाला. ट्रामखालच्या म्हाताऱ्याचं काय?

डॉक्टरकीचा विद्यार्थीही दुसऱ्याचं दुखणं बघूनच शिकतो. कॉटभोवती दहा-बारा जण उभे राहतात, रोग्याला संकोच वाटतो, तरी आपण ते चालवून घेतो. कारण ते बघणं अखेर कुठल्यातरी रोग्याच्या उपयोगी पडणार असतं. नटाच्या बघण्याचा त्या घाटावरच्या माणसाला काय उपयोग? तो कधी आमचं नाटक बघायला येणार नव्हता.

नाशिकमध्ये अभिनय शिकताना 'नटसम्राट' टाळता येत नाही. कुसुमाग्रज याच गावात राहिले, त्यामुळे आमच्याकडे एकोणीस वर्षांची पोरंसुद्धा प्रवेशाच्या वेळी गणपतराव बेलवलकरांचं स्वगत म्हणतात. मीही म्हटलं होतं. ते नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी पहिल्यांदा रंगमंचावर आलं, तेव्हा बेलवलकर झालेले डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. पेशानं कान-नाक-घशाचे सर्जन. वर्षभरापूर्वीच तो व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झालेले. मुलांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्याचं आयुष्य त्यांनी स्वतः जगलेलं नव्हतं. म्हणजे ते म्हातारपण कुठून तरी, कुणाकडून तरी आलं असणार. पण ते बघून महाराष्ट्रातल्या किती म्हाताऱ्यांना वाटलं असेल, की आपलं कोणीतरी ऐकलं. हे आठवलं की मला वाटायचं, परतफेड होते. घेतलं त्याला मिळत नाही, पण तिसऱ्याच कुणाला तरी मिळते.

यातला 'तिसरा' कोण, हे मला त्या मुलीनं सांगितलं.

चार-पाच आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. एकदा वर्ग सुटल्यावर मी माफी मागितली. ती म्हणाली, "घडीचं मला वाईट नाही वाटलं. माझ्या भावानंही काहीतरी असंच केलं होतं. तू ते बरोबर केलंस." मग म्हणाली, "त्या माणसानं फक्त तेवढंच केलं का रे? घडी घालून गेला?"

मी तिला दक्षिणेचं सांगितलं. चढलेला आवाज, दोनदा मोजलेले पैसे, पावती.

"मग ते का नाही केलंस?"

ते केलं असतं तर हॉल हसला असता, म्हणून. घडीनं जी शांतता जमवली होती ती पावतीनं मोडली असती. मी ते ठरवून गाळलं होतं.

ती म्हणाली, "आमच्याकडंही पैशांवरून भांडण झालं. माझा भाऊ दोनशे रुपयांसाठी भांडला. पप्पांच्या अस्थी नुकत्याच सोडल्या होत्या आणि हा ओरडत होता. मला त्याची इतकी लाज वाटली, की मी अजून त्याच्याशी धड बोलत नाही. तू ते केलं असतंस ना, तर मला कळलं असतं की दुसऱ्यांकडंही असं होतं."

मी ज्याला चोरी समजत होतो ती बघण्यात नव्हती, गाळण्यात होती. त्या माणसाचं मी फक्त शोभेल तेवढं आणलं होतं आणि बाकीचा माणूस घाटावर सोडून आलो होतो. पैसे मोजणारा हात आणि घडी घालणारा हात एकच होता. बहुतेक दोन्ही एकाच गोंधळातून येत होतं. आता काय करायचं ते कळत नाही, म्हणून जे करता येतं ते नीट करायचं. टोकाला टोक जुळवायचं, नोटा दोनदा मोजायच्या. हे मला दिसलं होतं. तरी मी त्याचं दुःख स्वच्छ करून टाकलं, आणि अशा स्वच्छ दुःखापुढं त्या मुलीचा भाऊ आणखीच वाईट ठरला.

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त, भावांच्या सातव्या अध्यायात, एक शंका येते. दुःख म्हणजे रडणं. मग जो दुःखी नाही त्यानं ते दाखवायचं कसं? उत्तरात 'सत्त्व' हा शब्द येतो, आणि ते सत्त्व मनाच्या एकाग्रतेतून येतं असं सांगितलं आहे. अश्रू, घाम, रोमांच, आवाजाचं बदलणं हे सगळे सात्त्विक भाव त्यातून येतात. त्या उलट टोकाला फ्रेंच विचारवंत दिदरो. नटावरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८३० मध्ये छापलं गेलं. त्यात तो म्हणतो, की उत्तम नटाला काही वाटायची गरजच नाही; त्यानं थंड डोक्यानं बघावं आणि तसंच करून दाखवावं. वर्गात यावर आमचे रात्री-रात्री वाद व्हायचे, पंचवटी कारंज्याजवळच्या चहाच्या गाडीवर. मला आता वाटतं, की दोघंही एक गोष्ट मागतात, ती म्हणजे लक्ष. आणि उपयोगाचं तेवढंच टिपणाऱ्या माणसाचं लक्ष पुरतं लागलेलं नसतं. मी तासभर घाटावर बसलो होतो, पण घडी मिळाल्यावर माझं काम झालं होतं. पुढचं मी बघितलं ते जायची वाट पाहत.

अर्थात सगळं बघितलं, काही गाळलं नाही, म्हणजे सगळं माफ असं नाही. त्याला आमच्याच मातीतलं एक उदाहरण आहे. दादासाहेब फाळके नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात त्यांनी रोहिदासाचं काम आपल्या मुलाला, भालचंद्रला दिलं. चित्रीकरणाच्या दिवसांत तो पडला, डोक्याला खोक पडली, शुद्ध हरपली. रोहिदास निपचित पडलेला असण्याचा प्रसंग चित्रित व्हायचा बाकी होता. सांगतात, की फाळक्यांनी मुलावर प्रथमोपचार केले आणि तशाच अवस्थेत त्याला घेऊन तो प्रसंग चित्रित केला. कथेत हरिश्चंद्र स्मशानात, स्वतःच्याच मुलाच्या प्रेतासमोर, अग्नी देण्याआधी कर मागतो. कर्तव्य म्हणून. कॅमेऱ्यामागचा बाप त्या दिवशी त्याच्यापासून फार लांब नव्हता.

वर्गात ही गोष्ट कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगितली गेली आणि आम्ही भारावून गेलो. आज मी तिच्याकडं तसं बघू शकत नाही. तिला सरळ वाईटही म्हणवत नाही, कारण मूल वाचलं आणि चित्रपटही झाला. पण भालचंद्र बेशुद्ध होता. त्याला काही विचारणं शक्य नव्हतं, हे त्या गोष्टीतून कुणी गाळू नये. माझ्या घाटावरच्या माणसालाही मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर घडी मोडली असती, हे खरं. पण ते मी न विचारण्याचं कारण झालं. हक्क झाला नाही. नटाचं सगळं घेणं असं बिनहक्काचंच असतं. एवढंच करता येतं, की ते आपलं समजायचं नाही आणि पुढं देताना त्यात काटछाट करायची नाही.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, माझी आजी गेली. निफाड तालुक्यात आमचं घर आहे, द्राक्षाचा बाग आहे. पहाटे दुकानमालकाची गाडी मागून घेऊन गेलो. ओटीवर तिला ठेवलं होतं. आत्या माझ्या गळ्यात पडली आणि मी रडायला लागलो. रडता रडता मला माझा आवाज ऐकू आला. तो छातीतून येत नव्हता, घशातून येत होता. सर नेहमी म्हणायचे, "घशातून रडू नका, खोटं वाटतं." आजी समोर होती आणि मी स्वतःच्या रडण्याला मार्क देत होतो. पुढचे काही दिवस मला स्वतःची किळस आली. वर्ग सोडायचा विचार केला. सोडला नाही.

आज मला वाटतं, की तो क्षण म्हणजे घाटावर बसण्याची किंमत होती. दुसऱ्याला चोरून बघायची सवय लागली की ती सवय आपला-परका ओळखत नाही. ती एक दिवस आपल्यावर उलटते. त्यात एक प्रकारचा न्याय आहे, म्हणून मी आता तिची तक्रार करत नाही. पण आजी मी अजून कुठल्याही भूमिकेत वापरलेली नाही. राज्य नाट्य स्पर्धेत एकदा तशी जागा आली होती. आजीचं घेतलं असतं तर दोन मिनिटांत जमलं असतं. मी दुसरं काहीतरी केलं. ते बरं झालं नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही.

आजीच्या अस्थी आम्ही रामकुंडावरच आणल्या. वडील, काका आणि मी. मडकं माझ्याकडं होतं, कारण आजीनं तसं सांगून ठेवलं होतं. पायऱ्या त्याच, पाणी तेच, बुधवार असल्यामुळं मागं बाजाराचा गोंगाट. मडक्याला कापड बांधलेलं होतं, ते मी सोडलं, एवढं आठवतं. गुरुजींना पैसे कोणी दिले, किती दिले, काही बोलणं झालं का, यातलं काही आठवत नाही. त्या कापडाचं मी काय केलं, तेही आठवत नाही. वडिलांना विचारलं, तर त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या दिवशी पायऱ्यांवर कोणी बसून बघत असेल, तर त्याला माहीत असेल.