वाचायचंच होतं, तर लिहायची मुभा कशाला?

डिस्क किती वेगाने चालते हे मोजणं हा माझ्या कामाचा भाग. त्यासाठी मी फायो वापरतो, येन्स अ‍ॅक्सबोने लिहिलेलं टूल. त्याला एखादी फाइल द्या, नाहीतर थेट अख्खी डिस्क. वाचनाची चाचणी निरुपद्रवी असते. लिहिण्याची चाचणी मात्र डिस्कवर आधी काय आहे हे न बघता लिहीत सुटते.

दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने त्याची डिस्क दिली. म्हणाला, "फक्त रीड स्पीड बघ." मी रूट म्हणून बसलो आणि जुनीच जॉब फाइल उचलली. तिच्यात वाचनासोबत लिहिणंही होतं, ते काढायचं राहिलं. डिस्क माउंट केलेली असती, तर फायोनेच नकार दिला असता. ती नव्हती. त्याचे तीन आठवड्यांचे निकाल गेले.

माझं पहिलं वाक्य होतं, "सिस्टीमने अडवलं नाही रे." तो काहीच बोलला नाही.

वाक्य खरं होतं. लिनक्स परवानगी तपासतो ती फाइल किंवा डिव्हाइस उघडताना. फक्त वाचायचंय की लिहायचंही, हे तेव्हाच सांगायचं. एकदा दार उघडलं की प्रत्येक लिहिण्याआधी परवानगी नव्याने तपासली जात नाही. आणि रूटला तर दारातही सहसा कोणी अडवत नाही.

कामाला लागेल तेवढाच अधिकार घ्यावा, हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी 1975 मध्ये मांडलं. मी ते हॅकर्सपासून बचाव म्हणून परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्या दिवशी हॅकर कोणीच नव्हता. होतो तो मी, घाईत आणि चांगल्या हेतूने.

म्हणूनच 'हेतू चांगला होता' हे मला आता पुरेसं वाटत नाही. चूक नकळत झाली, पण लिहायची ताकद सोबत ठेवणं ही माझी निवड होती, निव्वळ सोयीची. टॉर्चच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले की आपण चिडतो. अ‍ॅपचा हेतू आपण तपासत नाही. तुला हे लागतंच कशाला, एवढंच विचारतो. तो प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

फायोमध्ये 'रीडओन्ली' नावाचा पर्याय आहे. तो दिला की लिहिणारी चाचणी चालतच नाही. तो तेव्हाही होता. एक शब्द टाइप करायचा होता.

मागच्या महिन्यात त्याच सहकाऱ्याने पुन्हा डिस्क दिली. मी तो शब्द आधी टाइप केला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने मागितलं नव्हतं, तरीही.