उरलेला एक गुण

दहावीचा निकाल आपल्या पुण्यातल्या राज्य मंडळाकडून लागतो. गणितात ९९ मिळाले, तरी आपण विचारतो, “एक कुठे गेला?” हेतू वाईट नसतो, पण मूल शिकते की, चुकलो तर प्रेम आटते. मग ते रडू गिळते, प्रत्येक वाक्य मनात घोकते, चारचौघांत बोलायला घाबरते. आपण त्याला ‘शहाणे बाळ’ म्हणतो!

मानसशास्त्रज्ञ ह्युइट व फ्लेट यांनी १९९१ साली इतरांच्या अपेक्षांतून येणारा परिपूर्णतेचा ध्यास वेगळा ओळखला. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात (३:२१) वडिलांना दिलेला इशाराही मुले खचू नयेत म्हणूनच आहे.

मग अपेक्षा ठेवूच नयेत का? जरूर ठेवाव्यात, पण प्रेमाची अट म्हणून नव्हे. मिस्सात वाचताना आपले मूल अडखळले, तर घरी जाताना उच्चार सुधारत बसू नये. त्याचा हात धरावा.