विकत घेतलेली मुक्ती

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, झांझिबार बेटाच्या समोर, बागामोयो नावाचे एक जुने गाव आहे. आजच्या टांझानियातील दार-एस-सलाम शहराच्या उत्तरेस सुमारे ७० किलोमीटरवर, रुवू नदीच्या मुखाजवळ ते वसले आहे. समुद्र येथे उथळ; मोठ्या आगबोटींना तो गैरसोयीचा, अरबी गलबतांना मात्र सोयीचा. शेजारच्या काओले येथे तेराव्या शतकातील मशिदीचे अवशेष आहेत, यावरून या किनाऱ्यावर इस्लामी प्रार्थना किती जुनी आहे हे कळते. १९व्या शतकात टांगानिका सरोवराकडून येणारी तांड्यांची सुमारे १२०० किलोमीटरची वाट येथे समुद्राला मिळत असे. त्या वाटेने हमालांच्या खांद्यावरून हस्तिदंत येई आणि साखळदंडांत जखडलेली माणसे येत. गावाच्या नावाचा अर्थ 'हृदय खाली ठेव' असा लावतात. ओझे उतरवून मोकळा झालेला हमाल असे म्हणे, असे कोणी सांगतात; गलबतात चढण्यापूर्वी आपल्या मुलखाची आशा सोडणारा गुलाम असे म्हणे, असे दुसरे कोणी.

१८६८ साली होली घोस्ट फादर्स या संघाचे धर्मगुरू फादर हॉर्नर व त्यांचे सहकारी झांझिबारहून येथे आले. झांझिबारच्या बाजारात विक्रीला उभी केलेली मुले ते विकत घेत, त्यांना मुक्त करीत आणि बागामोयोच्या मिशनमध्ये आणीत. तेथे शाळा होती, सुतारकाम व लोहारकाम होते, नारळाच्या बागा व शेती होती. मुले वयात आली की त्यांची लग्ने लावून प्रत्येक जोडप्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा दिला जाई. अशी मुक्त गुलामांची ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. टांझानियाच्या ख्रिस्तसभेचा इतिहास सांगताना तेथील भाविक आजही बागामोयोपासून सुरुवात करतात. २०२५ साली पोप फ्रान्सिस यांनी बागामोयो हा स्वतंत्र धर्मप्रांत केला. त्या काळी मुले विकत घेण्यासाठी लागणारा पैसा युरोपातील भाविकांकडून येई; त्यांत 'होली चाइल्डहूड' या संस्थेसाठी लहान मुलांनी साठवलेली नाणीही होती. ही संस्था आपल्या धर्मग्रामांना अपरिचित नाही.

आता प्रश्न असा की, माणसाला मुक्त करण्यासाठी का होईना, पण त्याला विकत घ्यावे काय?

प्रश्न वरवर वाटतो तितका पुस्तकी नाही. बाजारात एक मूल उभे आहे. आपण पैसे दिले नाहीत तर दुसरा कोणी देईल आणि मूल गलबतात चढेल. पैसे दिले तर मूल सुटेल; परंतु व्यापाऱ्याच्या हाती रोकड पडेल, आणि त्या रोकडीवर तो पुढच्या खेपेची तयारी करील. एकाची बेडी तोडताना दुसऱ्याच्या बेडीचे लोखंड आपणच पुरवले, असे झाले नाही काय? ख्रिस्तसभेला हा पेच नवा नव्हता. ११९८ साली मान्यता मिळालेला त्रैक्याचा संघ आणि १२१८ साली स्थापन झालेला मर्सिडेरियन संघ, हे दोन्ही बंदिवानांची खंडणी भरून सुटका करण्यासाठीच जन्मले. संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजाच्या संदर्भात यासारखाच प्रश्न हाताळला आहे. दुसऱ्याला पाप करायला प्रवृत्त करणे कधीही योग्य नाही. पण जो पाप करायला आधीच सज्ज आहे, त्याच्या पापाचा उपयोग चांगल्या हेतूसाठी करून घेता येतो, असे ते म्हणतात. चोरांच्या तावडीत सापडलेल्या माणसाने जीव वाचवण्यासाठी आपल्याजवळचा ऐवज दाखवला, तर तो चोरीत सहभागी झाला असे कोणी म्हणत नाही. सेमिनरीत आम्हांला हा युक्तिवाद शिकवीत तेव्हा तो मला निर्दोष वाटे. आजही तो चुकीचा वाटत नाही. मात्र तो खरेदीच्या क्षणापुरता आहे. आधीचे आणि नंतरचे त्यात येत नाही.

आधीचे काय होते, ते पाहू. झांझिबारचा व्यापार काही केवळ अरबांच्या हाती नव्हता. जकातीचा मक्ता अनेक वर्षे कच्छी भाटिया पेढीकडे होता आणि तांड्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत हिंदी सावकार पुष्कळ होते. आफ्रिकेच्या अंतर्भागात नाणे चालत नसे. तेथे कापड हेच चलन. हे जाडेभरडे कापड आधी अमेरिकेतून येई, म्हणून त्याचे नाव मेरिकानी. पुढे १८८०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांनी त्याला मागे सारले. आम्ही लोअर परळची माणसे गिरण्यांविषयी बोलतो ते भोंगे, पाळ्या आणि १९८२चा संप यांच्याविषयी. साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराला आपला तागा कोणत्या गावी काय विकत घेणार आहे, हे कळण्याची सोय नव्हती. त्याच्यावर मी कसलाही ठपका ठेवीत नाही. पण ज्या बाजाराला आपण दूरचा समजतो त्याचे धागे आपल्याच गल्लीतून गेलेले असू शकतात, एवढे ध्यानात असावे. आणि ख्रिस्तसभेनेही फार ऐट मिरवू नये. पोर्तुगीज अमलात गोव्यात व वसईत ख्रिस्ती घरांतून आफ्रिकन गुलाम राबत होते. १८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला खरा, पण तोवर पुष्कळ उशीर झाला होता.

बाजार अखेर बंद झाला तो खंडणीने नव्हे. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रिअर १८७३ साली झांझिबारला गेले. त्या भेटीत त्यांनी बागामोयोचे मिशन पाहिले व नावाजले. सुलतान बरगश यांनी आधी नकार दिला. ब्रिटिश आरमाराच्या धाकाने जूनमध्ये त्यांनी करारावर सही केली आणि बाजार बंद झाला. आपल्याकडे १९७६च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली तेव्हा असेच तत्त्व अंगीकारले गेले. ठाणे जिल्ह्यातील वारली समाजात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबायचे, अशी लग्नगड्याची चाल होती. कायद्याने ते कर्ज फेडले नाही. ते कर्जच नव्हे असे ठरवले. हे अधिक न्याय्य, यात शंका नाही. परंतु कायदा येईपर्यंत बाजारातल्या मुलाने थांबावे, असे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? म्हणून बाजार मोडण्याची खटपट चालू असताना समोरच्या माणसाची खंडणी भरणे योग्यच, असे माझे मत आहे. नुसती खंडणी भरून समाधान मानणे मात्र योग्य नाही.

नंतरचा भाग अधिक अवघड आहे. मुक्त झालेली मुले मिशनमध्ये घंटेच्या तालावर उठत, प्रार्थना करीत, शेतात राबत. लग्न कोणाशी, राहायचे कोठे, हे बहुधा फादर ठरवीत. हेतू वाईट नव्हता. आईबाप हरवलेल्या, आपला गाव कोणत्या दिशेला हेही न आठवणाऱ्या मुलांना सांभाळणे सोपे नव्हते. तरीही काही जण पळून गेले. मिशनच्या कागदपत्रांतच त्यांचे उल्लेख आहेत, आणि त्यांत दुखावलेपणाचा सूर आहे. आम्ही यांना विकत घेतले, वाढवले, स्नानसंस्कार दिला, आणि हे निघून गेले!

आपल्या नाशिकजवळही असेच एक गाव होते. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेल्या शरणपूर येथे, गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले वाढली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्या तांड्यात होता. दफनाची प्रार्थना त्यानेच वाचली. मग चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांसह त्याने तो देह शेकडो मैल वाहून १८७४च्या फेब्रुवारीत बागामोयोला आणला, आणि तेथील कॅथलिक चर्चमध्ये तो एक रात्र ठेवण्यात आला. या चुमाचा स्नानसंस्कार १८६५ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या हातून झाला होता. त्या माणसांना कोणी आज्ञा केली नव्हती. देह तेथेच पुरून ते आपापल्या वाटेने जाऊ शकले असते. आपण या निष्ठेचे कौतुक करतो, आणि करावेच. परंतु पळून गेलेला तो कृतघ्न आणि देह वाहणारा तो कृतज्ञ, अशी वाटणी मला मान्य नाही. जाण्याची मोकळीक होती, म्हणूनच वाहून आणण्याला मोल आले.

संत पौल यांनी फिलेमोनला लिहिलेले छोटे पत्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. ओनेसिमचे काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड, असे पौल लिहितात, आणि फिलेमोन स्वतः पौलांचा किती ऋणी आहे याची हळूच आठवण करून देतात. ऋणाची आठवण मालकाला दिली आहे. ओनेसिमने माझे ऋण फेडावे, असे त्या पत्रात कोठेही नाही.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका कुटुंबाचे खासगी सावकाराचे देणे आमच्या मदत मंडळाने फेडले. सावकाराचे खिसे आपण का भरावेत, असा आक्षेप तेव्हाही निघाला. घरातले दागिने, भांडी आणि झोप सगळेच गेलेले होते, म्हणून पैसे दिले. नंतर ते गृहस्थ आमच्या चर्चमध्ये दिसेनासे झाले. रविवारची मिस्सा दुसरीकडे ऐकू लागले. मंडळातील एक भगिनी कळवळून म्हणाल्या, "फादर, एवढं केलं आपण, आणि साधं तोंडही दाखवत नाहीत!" मला त्या गृहस्थांचे वागणे समजत होते. ज्या बाकांवरील प्रत्येक माणसाला आपल्या कर्जाचा आकडा ठाऊक आहे, तेथे गुडघे टेकणे कठीण असते. त्यांना कोणी बोलावणे पाठवू नये, एवढेच मी मंडळाला सांगितले.

बागामोयोच्या मिशनच्या आवारात एक गोरखचिंचेचे प्रचंड झाड आहे. त्याच्या बुंध्यात साखळी रुतलेली आहे. पाहुणे तिला गुलामांची साखळी समजून हळहळतात. प्रत्यक्षात दवाखाना चालवणाऱ्या एका बाईंनी आपले गाढव बांधण्यासाठी ती अडकवली होती, असे सांगतात. झाड वाढत गेले आणि साखळी आत गेली.

या गावाने आणखी एक माणूस पाहिला. काँगोकडच्या मन्येमा मुलखातून लहानपणी गुलाम म्हणून आणलेला हा मुलगा बागामोयोत एका अरब घरी वाढला, कुराण शिकला, मुक्त झाला आणि शेख रमिया या नावाने कादिरिया सूफी पंथाचा मोठा गुरू झाला. १९३१ साली तो निवर्तला. त्याच्या मौलिदच्या उत्सवाला दूरदूरच्या गावांतून लोक येत, आणि त्यांत पूर्वीचे गुलाम व त्यांची मुलेबाळे पुष्कळ असत. मिशनमधून पळालेल्यांपैकी कोणी त्याच्या पायाशी जाऊन बसले असेल काय, असे माझ्या मनात येते. बसले असेल, तर युरोपातल्या मुलांची ती नाणी वाया गेली असे म्हणायला मी तयार नाही.