न मोजता लिहिलेला आकडा

दरसाल आपल्या खेड्यापाड्यांतून काही मुली, आणि अलीकडे काही मुलगेही, परिचारिकेचे शिक्षण घेण्याकरिता शहरगावी जातात. ही वाट महाराष्ट्रात नवी नव्हे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस इस्पितळ उघडले. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखाली, स्त्रियांस ससून इस्पितळात पाठवून हे काम शिकविले. त्या काळी परक्या रोग्याच्या अंगाला हात लावणे हलके मानले जात असे, आणि ज्या घरांतील मुली या वाटेने प्रथम गेल्या त्यांनी पुष्कळ बोलणी सोसली. आता ती स्थिती पालटली आहे. साहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येचा तीन वर्षांचा, व पदवीचा चार वर्षांचा असतो; आणि मुलीला प्रवेश मिळाला म्हणजे घरच्यांस धन्यता वाटते.

मुलगी जावयाची ठरली की ट्रंक भरण्याची गडबड सुरू होते. कोणी म्हणतो, भारी स्टेथोस्कोप पाहिजे. कोणी म्हणतो, उंची बूट पाहिजेत. घरात पैसा थोडा व दुकानात वस्तू पुष्कळ, अशी अवस्था असते. म्हणून नवशिक्या परिचारिकेस खरोखर उपयोगी पडणारे साहित्य कोणते, हे प्रथम साध्या शब्दांत सांगावे, आणि मग त्या साहित्याच्या पोटात जो नीतीचा प्रश्न दडलेला आहे त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्ही योजिले आहे.

सर्वांत आधी घड्याळ. ते किमती नको. परंतु त्यास सेकंदाचा काटा हवाच, आणि आकडे अंधूक उजेडातही दिसतील असे ठळक हवेत. नाडी व श्वास हे मिनिटाच्या मापाने मोजावयाचे असतात. इंग्लंडातील लिचफील्ड गावचे वैद्य जॉन फ्लॉयर यांनी केवळ नाडी मोजण्याकरिता मिनिटभर चालणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुष्कळ परिचारिका घड्याळ मनगटावर न बांधता छातीशी उलटे टाचतात. मान खाली घालून पाहिले की ते सुलटे दिसते, आणि हात कोपरापर्यंत धुण्यास मोकळे राहतात. ज्या त्या शाळेचा नियम विचारून मगच ते विकत घ्यावे.

दुसरे, बूट. वॉर्डात सबंध पाळी बहुतेक उभ्यानेच काढावी लागते. म्हणून बूट बंद, पुसता येण्याजोगे, बोटांस मोकळे, व तळवा न घसरणारा आणि आवाज न करणारा असे असावेत. येथे काटकसर करू नये. तिसरे, खिशात मावणारी वही व दोन पेने. दोन अशासाठी की, एक कोणीतरी मागून नेतोच. चौथे, बोथट टोकाची कात्री, जिचे पाते कातडीस न टोचता पट्टीखाली सरकते. पाचवे, लहानशी बॅटरी. प्रकाश पडताच डोळ्याची बाहुली आकसते की नाही हे तिने पाहता येते, आणि रात्री सारा वॉर्ड न जागविता एकाच खाटेपाशी जाता येते. स्टेथोस्कोप पहिल्या वर्षी साधाच पुरतो. रक्तदाबाचे यंत्र व तापमापक वॉर्डात असतात. ट्रंकेच्या कोपऱ्यात नखे कापण्याचे साधन व हातांस लावावयाचे मलम अवश्य ठेवावे. कारण दिवसातून अनेक वेळा धुऊन हात फुटतात, आणि फुटलेले हात झोंबू लागले की धुण्याचा कंटाळा येतो. आंगठ्या व बांगड्या मात्र घरीच ठेवाव्या.

एवढी यादी झाली. आता प्रश्न असा की, या वस्तू कशासाठी आहेत? विचार करून पाहता आढळून येईल की, त्यांपैकी बहुतेक पाहण्याची किंवा पाहिलेले लिहून ठेवण्याची साधने आहेत. घड्याळाने मोजावयाचे, बॅटरीने पाहावयाचे, पेनाने लिहावयाचे. आणि जे स्वतः पाहिले तेच लिहावयाचे. हे वाक्य ऐकण्यास अगदी सोपे वाटते. परंतु विद्यार्थिनीच्या आयुष्यातील पहिली मोठी नैतिक परीक्षा येथेच होते, आणि ती परीक्षा घेण्यास कोणी परीक्षक समोर बसलेला नसतो.

अशी कल्पना करा. रात्रीचे दोन वाजले आहेत. एका विद्यार्थिनीकडे तीस खाटा आहेत. पहाटेपासून अभ्यास व दुपारी व्याख्यान होऊन ती आता रात्रपाळीला उभी आहे. प्रत्येक खाटेशी ताप, नाडी व श्वास यांचा तक्ता टांगलेला आहे. ताप पाहिला, नाडी मोजली; श्वास मोजावयास आणखी एक पुरते मिनिट पाहिजे. रोगी शांत निजलेला दिसतो. तक्त्यावर मागच्या वेळचा आकडा २० आहे. तीही २० लिहिते आणि पुढच्या खाटेकडे वळते. आता असे समजा की, त्या घटकेस त्या रोग्याचा श्वास खरोखरच मिनिटास वीस होता. तर मग ती खोटे लिहिती झाली काय?

कोणी म्हणेल, आकडा बरोबर आहे, कोणाचे नुकसान झाले नाही, तेव्हा येथे असत्य कोठून आले? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु तो फसवा आहे, असे आमचे मत आहे. तक्त्यावरील आकडा केवळ "श्वास वीस आहे" एवढेच सांगत नाही. "मी या वेळी या खाटेशी उभी राहिले, मिनिटभर पाहिले, आणि मला वीस आढळले," असे तो सांगतो. यांतील पहिला भाग योगायोगाने खरा ठरला. दुसरा भाग मुळातच खोटा आहे. शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. पिकाच्या राखणीस ठेवलेला गडी रात्रभर माचणावर झोपला आणि सकाळी म्हणाला, "डुकरे आली नाहीत," तर डुकरे खरोखर आली नसली तरी तो राखणदार ठरत नाही. धन्याने त्याला मजुरी दिली ती जागरणाची. आणि त्याने धन्याच्या पदरात घातली ती आपली झोप.

शिवाय डुकरे दररात्री चुकत नाहीत. प्रौढ माणूस स्वस्थ असता मिनिटास सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो. फुप्फुसात जंतू शिरले, रक्तात विष भिनू लागले, म्हणजे पुष्कळदा रक्तदाब उतरण्यापूर्वीच श्वासाची गती वाढते. रोगी बोलत असतो, पाणी मागत असतो. केवळ श्वास वाढलेला असतो. म्हणजे देह धोक्याची पहिली सूचना ज्या दाराने देतो, तेच दार आळसाने बंद होते. तक्त्यावर ओळीने २०, २०, २० असे लिहिलेले पाहून सकाळी डॉक्टर समाधानाने पुढे जातात, आणि दुपारी तोच रोगी हातचा जातो. लेकरांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. दोन महिन्यांच्या आतील मुलाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असला, तर तो वेगाचा श्वास होय, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. खोकल्याने आजारी मुलाच्या छातीकडे वा पोटाकडे मिनिटभर पाहिले, तर त्यास न्युमोनिया झाला असावा हे खेड्यातील परिचारिकेसही कळते. ते मिनिट वाचविले, तर मूल खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन घरी परत जाते.

येथे एक सूक्ष्म शंका निघते, तिचा विचार केला पाहिजे. श्वास मोजताना रोग्यास तसे सांगू नये, असे विद्यार्थिनींस शिकविले जाते. कारण कोणी आपला श्वास मोजीत आहे असे कळताच मनुष्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावर तशीच ठेवावयाची, आणि नजर छातीकडे लावून श्वास मोजावयाचा. रोग्यास वाटते, नाडीच पाहत आहेत. मग हीही लबाडी नव्हे काय? एक लपविणे शाळेने शिकवावे आणि दुसऱ्यास पाप म्हणावे, हे कसे?

आमच्या मते दोहोंतील भेद ओळखण्यास एकच कसोटी पुरेशी आहे: उद्या त्याच रोग्याने विचारले, तर सांगता येईल काय? "बाबा, तुमचा श्वास मोजीत होते, सांगितले असते तर तो बदलला असता," असे ती हसून सांगेल, आणि म्हातारा तिला शहाणीच म्हणेल. परंतु "मी मोजला नाही, मागचाच आकडा उतरविला," हे ती त्यास सांगू शकेल काय? पहिल्या ठिकाणी खरे सापडावे म्हणून क्षणभर काही बोलले जात नाही. दुसऱ्या ठिकाणी खरे सापडलेच नाही, हे कोणास कळू नये म्हणून काहीतरी लिहिले जाते. पहिल्याने रोग्याचे हित होते. दुसऱ्याने लिहिणारीचे क्षणभर निभावते, एवढेच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. तीस-चाळीस रोगी, एकटी मुलगी, आणि तीही अजून शिकत असलेली. मिनिटामिनिटांचा हिशेब मांडला तर तिची रात्र पुरणार कशी? रकाना मोकळा राहिला तर वरचे अधिकारी रागावतात. भरलेला असला तर कोणी विचारीत नाही. अशा ठिकाणी दोष एकट्या मुलीवर टाकणे हा अन्याय होईल. जेथे मोकळ्या रकान्यास शिक्षा व खोट्या आकड्यास शाबासकी मिळते, तेथे खोटे लिहिण्याचे शिक्षण संस्थाच देत असते. हे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

तथापि दोष वाटून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. मुलीने काय करावे? ज्याची प्रकृती अधिक नाजूक त्याचा श्वास आधी मोजावा. जेथे मोजणे झाले नाही तेथे "मोजले नाही" असे लिहावे, आणि पाळीवरील सिस्टरच्या कानी ते घालावे. मोकळा रकाना खरे बोलतो. या वॉर्डात माणसे कमी आहेत, हे तो ओरडून सांगतो. खोटा आकडा ते झाकून टाकतो. आणि सर्व तक्ते नीट भरलेले दिसल्यावर दुसरी परिचारिका नेमण्याची गरज कोणास भासेल? म्हणजे खोटे लिहिणारी स्वतःचेच ओझे कायम करून ठेवते, आणि तिच्यामागून येणाऱ्या मुलीच्या डोक्यावरही तेच देते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र पुष्कळ शाळांतून लावलेले असते, आणि त्यांच्या हाती बहुधा दिवा असतो. परंतु १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेलेल्या या बाईंच्या हाती दिव्याइतकीच लेखणीही होती, हे विसरता कामा नये. युद्ध संपल्यावर त्यांनी मृत्यूंचे आकडे एकत्र करून मांडले, आणि जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच सैनिक अधिक मेले, हे सरकारास दाखवून दिले. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांस आपली पहिली स्त्री सभासद करून घेतले. ते आकडे कोणी मागचे पाहून भरलेले असते, तर त्यांतून काय सिद्ध झाले असते? त्यांच्या नावाने जी शपथ परिचारिकांस दिली जाते, ती त्यांनी रचलेली नव्हे. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे रचली गेली. शपथ समारंभात, दिवे लावून, आईबापांच्या देखत घेतली जाते. ती पाळावयाची वेळ मात्र रात्री दोन वाजता येते, आणि तेव्हा निजलेल्या रोग्याखेरीज जवळ कोणी नसते.

हात धुण्याचेही असेच आहे. साबणाने हात नीट धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. दोन खाटांच्या मधल्या वाटेत ते धुतले की नुसते ओले केले, हे रोग्यास कळत नाही. तो हात पुढे करतो, एवढेच. हा विश्वास त्याने आपल्या गरजेपोटी आधीच देऊन टाकलेला असतो. त्याची किंमत ठरविणे केवळ घेणारीच्या हाती राहते.

म्हणून आईबापांस व मंडळीतील वडीलधाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच की, मुलीस सेकंदाच्या काट्याचे घड्याळ घेऊन द्या, आणि देताना, "जे मोजले नाहीस ते लिहू नकोस," असे तिला सांगा. पुढे एखाद्या सुटीत ती घरी येऊन म्हणेल की, रकाना मोकळा ठेवल्याबद्दल सर्वांदेखत बोलणी खावी लागली. त्या वेळी, "सगळ्याच भरतात, मग तूच का नाही भरलास?" असे तिला विचारू नका. तिला पोटभर जेवू घाला, आणि तिने बरे केले असे तिला सांगा.