तुकडा कोणीं बसवावा?

लंडनमधील नकाशे कोरणारा कारागीर जॉन स्पिल्सबरी यानें अठराव्या शतकाच्या सातव्या दशकांत नकाशे लांकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमारेषांवरून कापले, ते मुलांना भूगोल शिकविण्यासाठीं. त्या कोड्यांतील तुकडा एकटा हातांत घेतला तरी त्याला स्वतःचें नांव असे. पुढें करवतीनें मनास येईल तशीं चित्रें कापण्याची रीत पडली. आज पुठ्ठ्याच्या पेटींतून जे १००० तुकडे घरीं येतात त्यांतील एखादा उचलून पाहावा. निळसर रंग आणि दोन खोबणी, याहून अधिक त्यांत कांहीं नसतें.

व्यक्ति हा तुकडा आणि कुटुंब हें चित्र, ही उपमा येथें कोणासही सुचेल. मला ती मान्य नाहीं. तुकड्याची जागा एकच, व तीही कारखान्यांत ठरलेली. माणसांचेंही तसेंच असतें असें समजून जीं घरें चाललीं, त्या घरांतील सुनांना त्याविषयीं विचारावें. माझें कुतूहल तुकड्यांविषयीं नसून त्यांच्या भोंवतीं बसलेल्या मंडळींविषयीं आहे.

समजा, २५ ओळी आहेत आणि दर ओळींत ४० तुकडे. कडेचे १२६ एका बाजूनें सरळ असल्यामुळें लौकर लागतात. उरलेल्या ८७४ पैकीं आकाशाचे जे असतात तेथें रंगाचा उपयोग नाहीं. एकेक लावूनच पाहावा लागतो. त्या आकाशापाशीं नऊ वर्षांचा मुलगा अर्धा तास बसलेला असतो. वडील बाहेरून येतात, उभ्याउभ्याच त्याच्या खांद्यावरून पाहतात, नेमका तुकडा उचलून बसवितात आणि म्हणतात, "हा बघ!" चित्र पुढें सरकलेलें असतें, मुलगा मात्र उठून जातो. वडिलांनीं त्याचें काय घेतलें?

पाऊस आला आहे आणि अंगणांतील धान्य आंत घ्यावयाचें आहे, अशा वेळीं कोणाचा हात लागला हा प्रश्न गौण. मुलाला आनंद मिळावा म्हणून तेथें बाजूस राहणारा बाप मूर्खच ठरेल. परंतु येथें चित्र पेटीच्या झांकणावर आधींच छापलेलें आहे. त्यावांचून कोणाचें कांहीं अडलेलें नाहीं. म्हणून वांटून घेण्याजोगें जें आहे तें श्रम हेंच. दुसऱ्याच्या वांट्याचे श्रम करून टाकणें म्हणजे त्याच्या पानांतला घास उचलणें होय, मग तें कितीही मायेनें केलेलें असो. (हा निष्काम कर्मयोग नव्हे, चित्र पुरें व्हावें अशी इच्छा प्रत्येकालाच असते.)

मग दिसत असून गप्प बसणें हें असत्य नव्हे काय? न विचारतां गप्प राहणें असत्य नाहीं, असें मला वाटतें. "बाबा, तुम्हांला दिसतो का?" असें मुलानें विचारल्यावर "नाहीं" म्हणणें मात्र असत्यच. "दिसतो, सांगूं का?" हें खरें उत्तर. बहुधा मुलगा "नको" म्हणतो.

कांहीं मुलें आरंभींच एक तुकडा खिशांत लपवितात. शेवटचा तुकडा आपल्या हातून लागावा एवढाच हेतु. मोठ्यांचे हात जेथें फार चपळ, तेथें हें अधिक घडतें असा माझा अनुभव आहे. त्या इच्छेला मी दोष देत नाहीं. परंतु ९९९ लागल्यावर सतरंज्या झटकल्या जातात, आणि मग केर काढणाऱ्या बाईला विचारणा होते. एकदां नव्हे, दोनदां. जी त्या खेळाला कधीं बसलीच नाहीं तिच्यावर संशय! तुकडा खिशांतून निघाल्यावर तिची क्षमा मुलानें स्वतः मागावयास हवी. वडिलांनीं ती उरकून टाकूं नये.

आमच्या ओळखीच्या एका घरीं असें झालें. मुलानें क्षमा मागितली, आणि गृहिणीनें पुढच्या कोड्याच्या वेळीं बाईला आग्रहानें बसावयास बोलाविलें. ती हंसून म्हणाली, "बसतें कशी, वहिनी? अजून तीन घरचीं भांडीं राहिलीं आहेत."