अपेक्षित उत्तराची कसोटी

उत्तर आधीच ठाऊक असलेल्या शोधात शोधकाच्या सचोटीची परीक्षा अधिक कठीण होते. बाह्य चुंबकक्षेत्राविनाही क्वांटम हॉल परिणाम संभवतो, हे डंकन हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये गणिताने दाखविले. त्यात रोध किती यावा, हेही निश्चित होते : सुमारे २५,८१३ ओहम. बीजिंगमध्ये श्वे छीकुन यांच्या गटाने, त्यातील डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांनी, बिस्मथ, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या थरांत क्रोमियम मिसळून, जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचे हजाराहून अधिक पापुद्रे तपासले. अखेर ३० मिलिकेल्विन तापमानात तो आकडा प्रकटला. २०१३ मध्ये तो जगापुढे आला.

मग आधीचे सारे नकार व्यर्थ गेले काय? आकडा विद्यार्थ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होता; तो पदार्थातून यायचा होता. इच्छा आणि साक्ष यांतील हे अंतर केवळ बुद्धीने राखता येत नाही. फसलेल्या नमुन्याचे मोजमाप जसेच्या तसे नोंदविण्याची सवय ज्याच्या हाताला आहे, त्याच्याच यशस्वी मोजमापावर विश्वास ठेवता येतो. निसर्गाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा ज्याने दिली, त्यालाच निसर्गाचा होकार सांगण्याचा अधिकार पोहोचतो.